नांदेड टाकलं की गुण बिघडतात, लातूर टाकलं की नाही : डीबगरचा एक तास



नववी ते बारावीच्या लेकरांसोबत एका तासात करून बघता येईल असा एक धडा आज देतो आहे. लागेल काय? लिनक्स असलेला एक संगणक (उबुंटू असो की सी-डॅकचं बॉस), सी भाषेची तोंडओळख आणि जीडीबी नावाचा डीबगर. जीडीबी फुकट मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला आणि आजही जगभरचे प्रोग्रामर तोच वापरतात. आज्ञा टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. इथे मी त्यांचे उच्चार दिले आहेत.

धड्यासाठी प्रोग्राम मुद्दाम छोटा आणि मुद्दाम बिघडलेला घेतला आहे. एक खिडकी उघडते. तिच्यात दोन चौकटी: गुण आणि गाव. खाली एक बटण: 'नोंदवा'. बटण दाबलं की खालच्या ओळीत गाव आणि गुण दिसतात. खिडकी जीटीके वापरून बनवलेली आहे, म्हणजे लिनक्सवरचे अनेक नेहमीचे प्रोग्राम ज्यावर उभे आहेत तेच साहित्य.

आता गुणांत ७८ टाका, गावात 'लातूर' टाका आणि बटण दाबा. उत्तर येतं: लातूर, ७८. बरोबर. गुण तेच ठेवा, गाव 'नांदेड' करा. उत्तर येतं: नांदेड, ४१३८०.

वर्गात हशा पिकतो. पिकू द्या. मग लेकरांना एकच प्रश्न विचारा: चूक कुठं असेल?

बहुतेक जण गुणांच्या चौकटीकडे बोट दाखवतील. साहजिक आहे. बिघडले ते गुण; गाव तर नीट दिसतंय. कुणी म्हणेल, "सर, परत चालू करून बघा." कुणी म्हणेल व्हायरस आला असेल. आणि एखादा हमखास म्हणेल, "सर, इंग्रजीत टाका, चालतंय." त्याने 'नांदेड' रोमन लिपीत टाकून दाखवलं की खरंच ७८ येतात. इथे थोडं थांबा. कारण हाच उपाय आपण मोठी माणसंही करतो. शाळेच्या यादीत, प्रवेशाच्या अर्जात, कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टाकलं की काहीतरी बिघडतं, म्हणून 'नावं इंग्रजीतच टाका' अशी चिठ्ठी भिंतीवर लागते. पुढची दहा वर्षं ती तिथेच असते. चूक कुठल्या ओळीत होती हे कुणी विचारत नाही, आणि लेकरू मात्र शिकतं की आपली भाषा संगणकाला झेपत नाही.

म्हणून डीबगर उघडण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्यायचे आणि एकेक खोटा पाडायचा प्रयत्न करायचा. पहिला अंदाज असा येतो: 'नांदेड जिल्ह्यातली गावं चालत नाहीत.' बघा टाकून. कंधार: ७८. मुखेड: ७८. किनवट: ७८. उलट लातूर जिल्ह्यातलं निलंगा टाकलं तर ४८८०४. अंदाज गेला. दुसरा अंदाज: 'अनुस्वार असला की बिघडतं.' पण कंधारमध्ये अनुस्वार आहे आणि ते चाललं. देगलूरमध्ये अनुस्वार नाही आणि गुण आले ४५२२०. हाही गेला. तिसरा: 'मोठं नाव असलं की बिघडतं.' हा जरा जवळचा वाटतो, पण अक्षरं मोजा. कि-न-व-ट, चार अक्षरं, चाललं. नां-दे-ड, तीन अक्षरं, बिघडलं. मग मोठं कोणतं?

अहमदपूर टाकलं तर गुण येतात उणे १,५२,८७,९०,३६३. एवढे उणे गुण कुठल्याच पेपरला नसतात.

आपल्याकडे लातूर पॅटर्नचं नाव निघालं की लोकांना पाठांतर आणि चाचण्यांची संख्या आठवते. माझ्या मते चाचणीचा खरा उपयोग नंतर असतो, उत्तरपत्रिका परत हातात घेऊन गणित कोणत्या पायरीवर गेलं ते बघण्यात. शेवटचं उत्तर चुकलं एवढं कळून काही होत नाही. डीबगर हेच काम करतो. चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवतो आणि त्या क्षणी कुठल्या ओळीवर काय चाललंय, कुठल्या डब्यात कोणता आकडा आहे, हे दाखवतो.

आता प्रत्यक्ष काम. प्रोग्राम जीसीसीने तयार करताना 'उणे जी' हा पर्याय द्या, म्हणजे ओळींचे क्रमांक आणि चलांची नावं तयार प्रोग्राममध्ये राहतात. तो पर्याय विसरला तर डीबगर नुसते पत्ते दाखवतो आणि तास वाया जातो. वेग वाढवणारे 'उणे ओ २' वगैरे पर्याय आज देऊ नका. त्याचं कारण पुढे येईल. मग टर्मिनलमध्ये जीडीबी लिहून पुढे प्रोग्रामचं नाव द्या.

जीडीबी उघडला की प्रोग्राम अजून चालू झालेला नसतो, तो आज्ञेची वाट बघत असतो. आपल्या प्रोग्राममध्ये बटण दाबल्यावर जे फंक्शन चालतं त्याचं नाव 'नोंदवा' आहे. तर पहिली आज्ञा:

ब्रेक नोंदवा

म्हणजे त्या फंक्शनच्या दारात थांब. दुसरी आज्ञा:

रन

खिडकी उघडते. गुण ७८, गाव नांदेड टाका, बटण दाबा. खिडकी गोठते. बटण दाबलेलंच राहतं, कधी कधी 'हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही' अशी सूचनाही येते. लेकरं घाबरतात, "सर, हँग झालं!" त्यांना टर्मिनल दाखवा. तिथे जीडीबीने फंक्शनचं नाव आणि ओळ छापलेली आहे. प्रोग्राम हँग झालेला नाही, आपणच त्याचा श्वास धरून ठेवलाय. (एक सूचना शिक्षकांसाठी: मेनू उघडा असताना प्रोग्राम असा थांबवू नका. काही वेळा माऊस आणि कीबोर्ड त्या मेनूच्याच ताब्यात राहतात आणि सगळा पडदा अडकतो. तसं झालंच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचं आणि तिथून तो प्रोग्राम बंद करायचा.)

आता ज्या आज्ञेसाठी हा सगळा खटाटोप केला ती आज्ञा. गुण आणि गाव हे दोन्ही 'विद्यार्थी' नावाच्या एका स्ट्रक्चरमध्ये ठेवले आहेत. गुण कोण बिघडवतंय हे आपल्याला पाहिजे. तर मग गुणांवरच पहारा बसवू:

वॉच विद्यार्थी.गुण

आणि पुढे:

कंटिन्यू

वॉच म्हणजे या डब्यातला आकडा बदलला रे बदलला की थांब, मग बदलणारी ओळ कोणतीही असो. जीडीबी हे काम प्रोसेसरमधल्या खास सोयीने करतो, त्यामुळे प्रोग्राम हळू पडत नाही. पहिल्यांदा तो थांबतो तेव्हा सांगतो: जुना आकडा ०, नवा आकडा ७८. ठीक आहे, हे गुणांच्या चौकटीतून आले. म्हणजे ज्या चौकटीवर सगळ्यांचा संशय होता ती सुटली. पुन्हा 'कंटिन्यू'. दुसऱ्यांदा थांबतो: जुना आकडा ७८, नवा आकडा ४१३८०. (काही संगणकांवर मध्ये आणखी एखादा आकडा दिसेल, कारण तिथे नक्कल एकेका बाइटने होते.) सापडला! आता विचारायचं, हे कुणी केलं:

बॅकट्रेस

याला नुसतं 'बीटी' लिहिलं तरी चालतं. जीडीबी एक उतरंड छापतो. सगळ्यात वर जे फंक्शन आत्ता चालू आहे ते, त्याखाली त्याला बोलावणारं, त्याखाली त्याला बोलावणारं, असं करत तळाशी 'मेन'. मधली बरीच नावं जीटीकेची असतात, ती वाचत बसू नका. वरून दोनच ओळी वाचा. पहिली: एसटीआरकॉपी, म्हणजे मजकुराची नक्कल करणारं फंक्शन. दुसरी: आपलं 'नोंदवा', आणि तिथला ओळ क्रमांक. त्या ओळीवर काय आहे? गावाचं नाव चौकटीतून उचलून स्ट्रक्चरमध्ये ठेवलं जातंय. गुणांचा त्या ओळीत उल्लेखसुद्धा नाही.

गाव लिहिताना गुण बदलले. का?

स्ट्रक्चर उघडून बघा. आधी गावासाठी १६ बाइटची जागा, तिला लागूनच गुणांसाठी ४ बाइट. मध्ये भिंत नाही. एकाच फळीवर दोन डबे चिकटून ठेवावेत तसं. आता गावाच्या जागेत नेमकं काय पडलंय ते आकड्यांत बघू. आज्ञा थोडी विचित्र दिसते: एक्स, तिरपी रेघ, १९, यूबी, आणि पुढे गावाच्या जागेचा पत्ता. अर्थ: इथून १९ बाइट साध्या अंकांत दाखव. येतं ते असं:

२२४ १६४ १६८ (न)
२२४ १६४ १९० (काना)
२२४ १६४ १३० (अनुस्वार)
२२४ १६४ १६६ (द)
२२४ १६५ १३५ (मात्रा)
२२४ १६४ १६१ (ड)
०

कंसातली नावं मी घातली आहेत आणि तिनाच्या ओळीही मीच पाडल्या आहेत. जीडीबी आठ-आठ आकड्यांच्या ओळी देतो. तिनाच्या गटात फोडायचं काम लेकरांना द्या. प्रत्येक गट २२४ ने सुरू होतो हे त्यांना आपोआप दिसतं.

इथे सगळं कोडं सुटतं. आपण 'नांदेड' ही तीन अक्षरं मोजली. संगणक न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड अशा सहा खुणा मोजतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, रोमन अक्षराला एकच. म्हणजे नांदेडला १८ बाइट, आणि मजकूर संपला हे सांगणारं एक शून्य धरून १९. जागा होती १६. लातूर म्हणजे ल, काना, त, ऊकार, र: पाच खुणा, १५ बाइट, शून्य धरून बरोबर १६. अगदी काठोकाठ बसलं! कंधार, मुखेड, किनवट, उदगीर या सगळ्यांच्या खुणा पाचच आहेत. मोजून बघायला लावा. निलंगा आणि देगलूर सहा. अहमदपूर सात.

आणि ४१३८०? हा आकडा आभाळातून पडलेला नाही. पहिले १६ बाइट गावाच्या जागेत बसले. १६ वा बाइट हा ड मधला २२४. उरले १६४, १६१ आणि ०. ते तीन शेजारच्या गुणांच्या डब्यात सांडले. आपल्या संगणकांत संख्या साठवताना लहान किमतीचा बाइट आधी येतो आणि पुढचा बाइट २५६ पट मोलाचा असतो. म्हणून १६१ गुणिले २५६ म्हणजे ४१२१६, अधिक १६४, बरोबर ४१३८०. गणिताच्या शिक्षकांनी हा तास मागून घ्यावा अशी माझी विनंती आहे. स्थानिक किंमत शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. निलंग्याचा शेवट कान्याने होतो, कान्याचा तिसरा बाइट १९०. लेकरांनी ४८८०४ स्वतः काढून दाखवावेत. अहमदपूरचे तर गुणांच्या चारही बाइटांवर सांडतात, म्हणून ती उणे संख्या येते, आणि आणखी दोन बाइट त्याही पुढे जातात.

गाव मात्र खिडकीत नीट दिसलं, कारण सांडलेले बाइटही सलगच पडले होते आणि वाचणारा शून्य येईपर्यंत वाचत गेला. बिघाड जिथे दिसतो तिथून कारण एक घर पलीकडे होतं. पहारा न बसवता गुणांचीच ओळ दिवसभर तपासली असती तर काहीच सापडलं नसतं.

दुरुस्तीकडे येऊ. कुणीतरी लगेच म्हणेल, १६ चे ६४ करा. केलं तर नांदेड चालेल, पण आपल्याकडे गावाच्या चौकटीत लोक 'मु. पो.' पासून 'जि.' पर्यंत सगळा पत्ता लिहितात. ६४ ही भरतील. दुसरा उपाय, १५ बाइटांनंतर मजकूर कापायचा. त्याने गुण वाचतील, पण 'औराद शहाजानी' टाकून बघा. औराद १२ बाइट, मधली मोकळी जागा १, आणि मग श चे तीनपैकी दोनच बाइट मावतात. असा तुटलेला श म्हणजे कुठलंच अक्षर नाही. मजकूर मांडणारी पँगो ही लायब्ररी टर्मिनलवर तक्रार छापते की यूटीएफ-८ मजकूर अवैध आहे. चिन्हावर क्लिक करून प्रोग्राम उघडला असेल तर ही तक्रार कुणाला दिसतच नाही. म्हणून बिघडलेला प्रोग्राम नेहमी टर्मिनलमधून चालू करायचा. शिवाय जी-डीबग या पर्यावरण चलाला 'फेटल वॉर्निंग्ज' ही किंमत दिली, तर अशी पहिली तक्रार येताच जीटीकेचा प्रोग्राम जागीच थांबतो आणि जीडीबीत बॅकट्रेस घेता येतो. योग्य दुरुस्ती म्हणजे नावाला लागेल तेवढी जागा त्या त्या वेळी मागून घेणं. जीटीकेसोबत येणाऱ्या जीलिबमध्ये मजकुराची अशी नक्कल करून देणारं तयार फंक्शन आहे. एक ओळ बदलते, स्ट्रक्चरमधली एक ओळ बदलते, आणि वापरून झालं की ती जागा परत करायची. झालं.

'उणे ओ २' चं राहिलं होतं. उबुंटूवर तो पर्याय देऊन हाच बिघडलेला प्रोग्राम तयार केला आणि नांदेड टाकलं, तर ४१३८० दिसतच नाही. 'बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड' असं टर्मिनलवर येऊन प्रोग्राम मरतो. लेकरांना वाटतं आणखी बिघडलं. मला विचाराल तर हे फार बरं. प्रोग्राम पडला तर माणूस तक्रार तरी करतो. गुपचूप चुकलेले गुण छापून गुणपत्रकावर जातात. आपल्या उदाहरणात ४१३८० आले म्हणून कुणाच्याही डोळ्यात भरले. उद्या ७८ चे ८७ झाले तर कोण ओळखणार? व्हॅलग्राइंड नावाचं दुसरं नामांकित साधनही नांदेडच्या बाबतीत गप्प बसतं, कारण सांडलेले बाइट प्रोग्रामच्या स्वतःच्याच जागेत पडलेले असतात.

अशा चुका फक्त शाळेतल्या खेळण्यातल्या प्रोग्राममध्ये होतात असं कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या आयफोनवर तेलुगू लिपीतलं 'ज्ञा' हे एक जोडाक्षर संदेशात आलं की अ‍ॅप बंद पडत होती. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना हे अक्षर काही नवलाचं नाही. 'विज्ञान' लिहायला आपल्यालाही त्याच जोडाचं अक्षर लागतं. तेव्हा ते अक्षर कुणाला पाठवू नका असे इशारे सगळीकडे फिरले. अ‍ॅपलने आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्ती दिली. बिघाड मजकूर पडद्यावर मांडणाऱ्या भागात होता, आणि दुरुस्तही तोच भाग झाला. लिपी होती तशीच आहे.

आपण न लिहिलेले प्रोग्राम अडकतात तेव्हाही जीडीबी कामाला येतो, थोडक्यात सांगतो. प्रोग्राम गोठला असेल तर बंद करायची घाई नको. 'पीग्रेप' ने त्याचा क्रमांक काढा, मग जीडीबीला 'उणे पी' आणि तो क्रमांक द्या. उबुंटूवर आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला असं जोडून घ्यायला सुडो लागतं. मग 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा. मुख्य धाग्याच्या वरच्या टोकाला 'पोल' दिसलं तर तो नुसता आपल्या क्लिकची वाट बघत बसलाय, दोष दुसरीकडे शोधा. कुलुपासाठी थांबल्याचं दिसलं, आणि दुसरा धागाही असाच कुलुपापाशी उभा असेल, तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेत. आणि 'टॉप' मध्ये प्रोसेसर शंभर टक्के दिसत असताना चार वेळा थांबवून चारही वेळा तेच फंक्शन आढळलं, तर तो गोल फिरतोय. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत जीडीबी इंटरनेटवरून त्या प्रोग्रामची डीबग माहिती आणू का असं विचारतो, 'वाय' म्हणा. मिळालेला बॅकट्रेस तो प्रोग्राम बनवणाऱ्यांना पाठवला तर त्यांना फार उपयोग होतो. पाठवण्याआधी एकदा वाचा मात्र, कारण त्यात लेकरांची नावं किंवा गुण आलेले असू शकतात.

सी भाषा आणि लिनक्सची तयारी मराठीतून करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले पाठ आहेत. पालकांनी घरी लेकरांसोबत बसून बघायला हरकत नाही.

तासाच्या शेवटी देण्यासाठी काम: बिघडलेलाच प्रोग्राम ठेवा. गुण ७८. गावात 'मुदखेड' टाकायचं आहे. खुणा मोजा, बाइट मोजा, आणि बटण दाबण्याआधी कोणता आकडा येईल तो वहीत लिहा. नंतर हदगाव, नायगाव, चाकूर आणि रेणापूर. रेणापूरला कागदावर जरा जास्त वेळ लागेल.